इंडक्शन कॉइलचं मेशिंग होतच नाहीये – सहा फेऱ्यांची नळी, जीमेश आणि एल्मर

भोसरी_हीट

नमस्कार मंडळी. गेले नऊ दिवस एकाच जागी अडकलोय म्हणून शेवटी इथे लिहितोय. मी भोसरीत एका छोट्या हीट ट्रीटमेंटच्या युनिटमध्ये आहे, शाफ्टचं इंडक्शन हार्डनिंग करतो आम्ही (कॉइलमधल्या करंटने शाफ्टचा पृष्ठभाग तापवून कडक करणं). आत्तापर्यंत नवीन जॉब आला की कॉइल अंदाजाने करायची, चालवून बघायची, नाही जमली की परत, असं चालायचं आणि तांबं किती वाया जातं ते मी रोज बघतो. म्हणून म्हटलं आधी सिम्युलेशन करू. पेड सॉफ्टवेअर आम्हाला परवडणारं नाही, म्हणून जीमेश आणि एल्मर ही फुकट सॉफ्टवेअर घेतली: जीमेशमध्ये पायथनने भूमिती आणि मेश (म्हणजे त्या आकाराचे छोटे छोटे तुकडे), आणि पुढे एल्मरमध्ये सोडवायचं असं ठरवलं.

कॉइल अशी आहे: ८ मिमी बाहेरच्या व्यासाची तांब्याची नळी, भिंत १ मिमी, आतून पाणी. सहा फेरे, पिच १२ मिमी, कॉइलचा मीन व्यास ५० मिमी. आत ३० मिमीचा ईएन-८ स्टीलचा शाफ्ट येणार आहे पण तो अजून टाकलेलाच नाही. फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झ. दोन्ही टोकांना फेऱ्यापासून सरळ बाहेर काटकोनात लीड (करंट आत-बाहेर नेणारी नळीची टोकं) काढलेत, आणि सगळ्याभोवती ३०० मिमीचा हवेचा चौकोनी डबा.

सरफेस मेश होतो, दिसायलाही छान दिसतो. थ्रीडी मेश सुरू केला की 'इनव्हॅलिड बाउंडरी मेश, ओव्हरलॅपिंग फॅसेट्स' म्हणून थांबतं. कधी कधी 'सेगमेंट आणि फॅसेट इंटरसेक्ट' असा पीएलसी एरर (म्हणजे मेशरला दिलेल्या पृष्ठभागांच्या रचनेतली चूक) येतो. एलिमेंट साइझ २ ची १ केली, १ ची ०.५ केली, काल ०.३ केली तर ३२ जीबी रॅम भरून मशीनच लटकलं. काय चुकतंय ते कुणी सांगेल का?

मॅक्सवेलवाला

ओव्हरलॅपिंग फॅसेट्स म्हणजे वक्र भागावर मेश जाड पडतोय. कर्व्हेचरवरून साइझ घ्यायचा जो ऑप्शन आहे ना, मेश साइझ फ्रॉम कर्व्हेचर, तो ३० वगैरे ठेव आणि परत बघ.

भोसरी_हीट

केलं दादा, ३० आणि ६० दोन्ही. तोच एरर, फक्त सरफेसचा नंबर बदलला.

रेघोटी

साइझ अर्धी करूनही तोच एरर येत असेल तर साइझ हे कारण नाहीच, भूमितीच स्वतःला छेदतेय. मेश बारीक करणं आधी थांबवा. साइझ ५ मिमी ठेवा, म्हणजे चूक दहा सेकंदात दिसेल, अर्धा तास वाट बघायला नको. एररमध्ये ज्या दोन सरफेसचे नंबर येतात तेवढेच दाखवा, बाकी सगळं लपवा आणि झूम करा. माझा अंदाज आहे की ती जागा लीड आणि फेऱ्याच्या सांध्यावर असणार.

आणि स्क्रिप्टमधल्या तीन गोष्टी सांगा. हेलिक्सचा पाथ कसा काढलाय, एका फेऱ्याला किती पॉइंट घेतलेत, आणि पाईप स्वीप करताना, म्हणजे पाथवरून सेक्शन सरकवताना, त्याची दिशा ठरवायला ट्रायहेड्रॉन कुठला दिलाय?

भोसरी_हीट

ताई तुम्ही म्हणालात तिथेच आहे, दोन्ही सांध्यांवर आतल्या बाजूला सरफेस दुमडल्यासारखा दिसतोय. पाथ म्हणजे फेऱ्याला ८ पॉइंट घेऊन बी-स्प्लाइन, लीडचे पॉइंटपण त्याच बी-स्प्लाइनमध्ये जोडलेत. ट्रायहेड्रॉन फ्रेनेट.

वाळूजकर

मी सिम्युलेशनमधला माणूस नाही, पण गेली सव्वीस वर्षं इंडक्शन कॉइल करतोय, म्हणून एक विचारतो. त्या कोपऱ्यात नळीची बेंड रेडियस किती धरली आहेस?

भोसरी_हीट

धरलेली नाही सर. फेरा संपतो तिथून काटकोनात बाहेर, मग स्प्लाइन जशी वळेल तशी. मोजली आत्ता, मध्यरेषेवर साधारण ३ मिमी येतेय.

वाळूजकर

मग अडचण तिथेच आहे. ८ ची नळी ३ च्या रेडियसमध्ये वाकत नाही बाळा. आम्ही नळी आधी तापवून नरम करतो, आत बारीक कोरडी वाळू ठासून भरतो, दोन्ही टोकं बंद करतो आणि मग फॉर्मरवर वाकवतो, तरीसुद्धा मध्यरेषेवर १६ च्या खाली मी जात नाही. खाली गेलं की आतली बाजू चुरगळते, नळी चपटी होते आणि पाण्याचा फ्लो मरतो. अगदी काटकोनच हवा असेल तर दोन तुकडे कापून ब्रेझिंग करतो. तुझ्या कॉम्प्युटरवरची नळी तिथे चुरगळलीच आहे, तो तुला तेच सांगतोय.

रेघोटी

सरांनी अगदी नेमकं सांगितलं, यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. गणिताच्या भाषेत सांगायचं तर स्वीप करताना पाथची वक्रता-त्रिज्या सेक्शनच्या त्रिज्येपेक्षा कमी झाली की आतला सरफेस उलटा होऊन स्वतःलाच कापतो. इथे सेक्शनची त्रिज्या ४ आणि वळण ३, म्हणजे दुमडणारच. जीमेशच्या आत भूमिती बनवणारं ओपनकॅस्केड त्याबद्दल तक्रार न करता सॉलिड बनवून देतं, मेशर मात्र अडतो, आणि आपण मेशरला दोष देत बसतो.

आता दुसरी चूक, आणि ही मला जास्त काळजीची वाटते कारण हिचा एरर कधीच येत नाही. जीमेशमध्ये स्प्लाइन आणि बी-स्प्लाइन वेगवेगळ्या आहेत. स्प्लाइन दिलेल्या पॉइंटमधून जाते. बी-स्प्लाइन त्याच पॉइंटना कंट्रोल पॉइंट मानते, म्हणजे त्यांच्या आतून जाते. फेऱ्याला ८ पॉइंट, म्हणजे ४५ अंशांचा टप्पा, तेव्हा क्यूबिक बी-स्प्लाइनची त्रिज्या (४ + २ कोसाइन ४५) भागिले ६ एवढ्या पटीने कमी होते, म्हणजे ०.९०. तुमची २५ ची त्रिज्या २२.५६ झालेली असणार. विश्वास ठेवू नका, मोजा. फेऱ्यांचा बाउंडिंग बॉक्स घ्या, बाहेरचा व्यास ५८ यायला हवा.

भोसरी_हीट

५३.१ आला!! ताई, हे तर मला कधीच कळलं नसतं. पुढे शाफ्ट टाकला असता तर ६ मिमीच्या गॅपऐवजी साडेतीनचा गॅप धरून मी पॉवर काढली असती आणि त्यावरून कॉइल गुंडाळायला दिली असती.

रेघोटी

म्हणूनच सांगते, मेश झाला एवढ्यावर खूश होऊ नये, मेश झाल्यावर आधी मापं घ्यावीत. आता असं करा. हेलिक्ससाठी स्प्लाइन घ्या आणि दर १० अंशाला एक पॉइंट, म्हणजे फेऱ्याला ३६. लीड त्या स्प्लाइनमध्ये कोंबू नका, हेलिक्स संपते तिथल्या स्पर्शरेषेला जुळणारा १६ मिमी त्रिज्येचा आर्क, मग सरळ रेषा, आणि हे सगळं मिळून एक वायर. कुठेही कोपरा नको.

ट्रायहेड्रॉन करेक्टेड फ्रेनेट द्या. साध्या फ्रेनेटमध्ये सेक्शनची दिशा पाथच्या वक्रतेवरून ठरते आणि सरळ लीडवर वक्रता शून्य, मग दिशा ठरणार कशी? गोल नळीत हे पटकन कळत नाही कारण पीळ पडला तरी गोल तो गोलच, पण शिवणरेषा नळीभोवती फिरत जाते आणि तिथे लांबोडके त्रिकोण पडतात. चौकोनी नळी असती तर पीळ उघड दिसला असता.

मॅक्सवेलवाला

माझा पहिला सल्ला चुकला होता हे मान्य. आम्ही ऑफिसात अ‍ॅन्सिस मॅक्सवेल वापरतो, तिथे कॉइलसाठी तयार प्रिमिटिव्ह मिळतो, सेगमेंटेड हेलिक्स, त्यात सेक्शनला किती बाजू आणि फेऱ्याला किती तुकडे ते आपण द्यायचं. मी १२ बाजू आणि ३६ तुकडे ठेवतो, सगळे सपाट पृष्ठभाग असल्यामुळे मेशर पटकन पुढे जातो. खरा गोल सरफेस दिला की तोच मेशर तासभर घेतो. बहुकोनाने क्षेत्रफळ थोडं कमी होतं, ते हिशेबात धरावं लागतं. जीमेशमध्येपण असं करता येईल ना?

रेघोटी

येतं, आणि वाईट नाही. पण इथे नळीच्या भिंतीत करंट कसा पसरतो तेच बघायचंय, म्हणून मी स्ट्रक्चर्ड मेश करेन. हिशेब बघा. १० किलोहर्ट्झला तांब्याची स्किन डेप्थ (पृष्ठभागापासून करंट मुख्यतः जेवढ्या खोलीत वाहतो ती) ०.६६ मिमी, भिंत १ मिमी, म्हणजे जाडीत निदान चार थर हवेत. फ्री टेट्राहेड्रॉन (चार तोंडांचे तुकडे, थोडक्यात टेट्रा) ०.३ चे टाकले तर नळीतलं तांबं सुमारे २०,८०० घन मिमी आहे, त्यात ६५ लाख टेट्रा बसतात, एज एलिमेंट, म्हणजे प्रत्येक कडेला एक अज्ञात, म्हणून अज्ञातं ७५ लाखांच्या वर आणि तीही कॉम्प्लेक्स. म्हणून तुमची ३२ जीबी संपली.

पण नळीच्या लांबीच्या दिशेने करंट फारसा बदलत नाही हो! बदलतो तो जाडीत आणि परिघावर, कारण आतल्या बाजूला, म्हणजे शाफ्टकडे, तो गोळा होतो. मग लांबीत बारीक कशाला करायचं? परिघावर २४, जाडीत ४, लांबीत फेऱ्याला ४०, म्हणजे सहा फेऱ्यांना २४० भाग. गुणाकार केला तर २३,०४० ठोकळे. प्रत्येकाचे सहा-सहा टेट्रा केले तरी १,३८,२४०.

करायचं कसं तर नळीच्या कड्याचे आधी चार तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला दोन आर्क आणि दोन सरळ कडा असे चार काठ येतात, ते चारही एकदम स्वीप करा. मग कॉइलच्या अक्षातून जाणाऱ्या सपाट प्लेनने अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याचे भाग पाडा. प्रत्येक भागाला सहा बाजू असल्या की ट्रान्सफाइनाइट (काठांवर ठरवून दिलेल्या भागांचा आखीव मेश) लागतं. अर्धा-अर्धा फेरा वेगळा स्वीप करून मात्र जोडू नका, टोकाच्या चकत्या सहाव्या दशांशात जुळत नाहीत आणि फ्रॅगमेंट केल्यावर (शेजारचे भाग सामायिक पृष्ठभागावर जोडल्यावर) मध्ये कागदासारखे पापुद्रे उरतात, मी त्यात एकदा पूर्ण आठवडा घालवलाय. आणि रिकंबाइन करू नका, ठोकळे तसेच ठेवले तर बाहेरच्या हवेतल्या टेट्राशी चौकोनी तोंडं जुळणार नाहीत, मध्ये पिरॅमिड लागतील. टेट्राच राहू द्या.

नेकार_काठ

स्टुटगार्टहून नमस्कार, मी कॉमसोलवर काम करतो. मला वेगळं सुचवायचंय, तांब्याच्या आत मेशच कशाला? पृष्ठभागावर इम्पीडन्स बाउंडरी कंडिशन लावा, नळी म्हणजे नुसती पोकळ जागा, लॉस पृष्ठभागावरूनच निघतो. आमच्याकडे सगळ्या हाय फ्रिक्वेन्सी कॉइल अशाच करतो.

रेघोटी

१०० किलोहर्ट्झला मीसुद्धा तेच केलं असतं, तिथे स्किन डेप्थ ०.२१ आहे. इथे ०.६६ आणि भिंत १, म्हणजे दीड स्किन डेप्थचीच भिंत. करंट आतल्या पृष्ठभागापर्यंत पोचतो, आणि ती कंडिशन असं धरून चालते की धातू पुरेसा जाड आहे आणि फील्ड आतच विरून जातं. नळीचा रेझिस्टन्स चुकीचा येईल आणि पाण्याने किती उष्णता काढायची ते गणितही चुकेल.

नेकार_काठ

बरोबर आहे, भिंतीची जाडी मी वाचलीच नव्हती. भिंत स्किन डेप्थच्या चार-पाच पट असेल तेव्हाच माझा सल्ला धरा.

चार्जिंग_पॅड

थोडं विषयांतर, माफ करा. माझा एम.टेक.चा प्रोजेक्ट ईव्ही वायरलेस चार्जिंगवर आहे, ८५ किलोहर्ट्झ, लिट्झ वायरची चपटी सर्पिल कॉइल. शेकडो बारीक तारा पिळलेल्या आहेत. त्यांचं मेशिंग कसं करू, माझ्याकडे तर दोन तारासुद्धा होत नाहीयेत.

नेकार_काठ

तारा काढूच नका. लिट्झ वापरतात ते करंट सगळ्या तारांत सारखा वाटला जावा म्हणूनच, तर मग मॉडेलमध्येही तो सारखाच धरायचा. पूर्ण बंडलचा एक घन आकार, त्याला कॉमसोलमध्ये होमोजिनाइज्ड मल्टिटर्न, मॅक्सवेलमध्ये स्ट्रँडेड. मेश मग जाडच पुरतो. तारांमधला एसी लॉस वेगळा सूत्राने काढा. ८५ किलोहर्ट्झला स्किन डेप्थ ०.२२ च्या आसपास, तुमची एक तार त्याहून बरीच बारीक आहे ना, तेवढं बघा.

चार्जिंग_पॅड

०.१ मिमी आहे. खूप आभार, दीड महिना मी तारा काढत होतो.

भोसरी_हीट

मंडळी, कॉइलचा मेश झाला! १६ चा बेंड घेतला, स्प्लाइन बदलली, बाहेरचा व्यास आता ५८.० येतोय. तांब्यात लीडसकट १ लाख ७० हजार टेट्रा, हवा आणि पाणी धरून एकूण सुमारे ७ लाख. पण आता एल्मरमध्ये दोन अडचणी. आधी म्हणाला कॉइलची बॉडीच सापडत नाही, ती मी हाताने नंबर बदलून कशीबशी लावली. मग सॉल्व्हर चालू झाला पण रेसिड्युअल (उत्तरात उरलेली चूक) खालीच येत नाहीये, वर-खाली हलत बसतो, दोन हजार इटरेशन झाली. परत मेश बारीक करू का?

रेघोटी

नका नका. बॉडीचं कारण म्हणजे फ्रॅगमेंट केल्यावर व्हॉल्यूमचे नंबर बदलतात, आणि तुम्ही फिजिकल ग्रुप (कॉइल, हवा अशी भागांची नावं) आधीच्या नंबरांवर केले असणार. ग्रुप नेहमी फ्रॅगमेंटनंतर करायचे. फ्रॅगमेंट दुसरी यादी परत देतं, कुठल्या जुन्या तुकड्याचे कुठले नवे झाले त्याची, ती वापरा, हाताने नंबर लिहिलेत तर पुढच्या वेळी पिच बदललात की पुन्हा सगळं मोडेल.

रेसिड्युअलचं सांगा, लीडची टोकं कुठे संपतात?

भोसरी_हीट

हवेच्या डब्याच्या आत, भिंतीपासून ३० मिमी अलीकडे. एका टोकाला करंट आत, दुसऱ्याला बाहेर असं दिलंय.

रेघोटी

तेच. करंट हवेत मध्येच उगवतोय आणि मध्येच नाहीसा होतोय. एज एलिमेंटच्या फॉर्म्युलेशनला डायव्हर्जन्स शून्य असलेला सोर्सच लागतो, नाहीतर त्या समीकरणांना उत्तरच नसतं, मग सॉल्व्हर कितीही वेळ चालवा. लीड डब्याच्या भिंतीपर्यंत न्या, टोकाची चकती भिंतीचाच भाग झाली पाहिजे, तीही फ्रॅगमेंट होऊनच. मग करंट भिंतीतून आत येतो आणि भिंतीतून जातो. एल्मरमध्ये कॉइल सॉल्व्हर म्हणून वेगळा मॉड्यूल आहे, तो आधी कॉइलमधली करंटची दिशा काढून देतो. तो फक्त सुरुवातीच्या डीसी चाचणीला वापरा, १० किलोहर्ट्झला करंट नळीच्या भिंतीत कसा पसरतो ते सॉल्व्हरलाच काढू द्या.

आणि शाफ्ट टाकायच्या आधी नुसत्या कॉइलचा इंडक्टन्स आणि डीसी रेझिस्टन्स काढून हातच्या हिशेबाशी लावा. इंडक्टन्ससाठी व्हीलरचं १९२८ चं सूत्र आहेच. शिवाय एफईएमएम या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टूडी अ‍ॅक्सिसिमेट्रिक (अक्षाभोवती सारखाच आकार धरून), सहा कडी सिरीजमध्ये, पंधरा मिनिटांचं काम आहे.

भोसरी_हीट

चार दिवसांनी लिहितोय, कारण मधे जॉब होते. लीड भिंतीपर्यंत नेले आणि दीडशेच्या आत इटरेशनमध्ये उतरलं. आकडे देतो, कुणीतरी तपासा.

रेझिस्टन्स हाताने: नळीची एकूण लांबी १.१९५ मीटर, तांब्याचं क्षेत्रफळ २२ चौ. मिमी, ०.९२ मिलिओहम. एल्मरमधून डीसीला ०.९३.
इंडक्टन्स: व्हीलरने ०.९४ मायक्रोहेन्री, एफईएमएमने ०.८५, एल्मरच्या थ्रीडीने डीसीला ०.९७.

रेझिस्टन्स जुळला, इंडक्टन्स तीन ठिकाणी तीन. यातलं खरं कुठलं?

रेघोटी

तिन्ही खरी, प्रत्येक वेगळ्या वस्तूचं आहे. व्हीलरचं सूत्र सलग करंटच्या पातळ पत्र्यासाठी आहे, तुमच्या फेऱ्यांत ४ मिमीची फट आहे आणि वर जाड पोकळ नळी, म्हणून एफईएमएम थोडं खाली. थ्रीडीमध्ये लीड आहेत, टूडीमध्ये नाहीत. दोन समांतर ८ मिमीच्या नळ्या ७२ मिमी अंतरावर म्हणजे मीटरला सुमारे १.१६ मायक्रोहेन्री, तुमचे लीड १२ सेंटिमीटरचे, म्हणजे ०.१४. ०.८५ आणि ०.१४ मिळून ०.९९, आणि तुम्हाला ०.९७ मिळालं. मी समाधानी आहे. रेझिस्टन्समधला तो एक टक्काही समजतोय, २४ बाजूंच्या बहुकोनाचं क्षेत्रफळ गोलापेक्षा १.१ टक्का कमी असतं.

वाळूजकर

लीडचाच एवढा वाटा? सातातला एक भाग नुसता लीडमध्ये. म्हणूनच आम्ही लीड शक्यतो जवळ आणतो, मध्ये इन्सुलेशनची पट्टी घालून एकमेकांना चिकटून नेतो. लांब ठेवले की जनरेटरचं ट्युनिंग हलतं, हे हाताला माहीत होतं, आकडा आज बघितला.

भोसरी_हीट

सर, आमच्याकडे कॉइल गुंडाळणारे काका आहेत, त्यांना स्क्रीनवर नळीतला करंट दाखवला, आतल्या बाजूला लाल झालेला. ते म्हणाले जळते ती नळी नेहमी याच बाजूने जळते. मग लीड जवळ आणायचं त्यांनीच कागदावर काढून दिलं, शेवटचा फेरा संपल्यावर नळी परत पहिल्या लीडकडे आणायची. मी ती मध्यरेषा ३३ त्रिज्येवर घेतोय.

रेघोटी

थांबा, ३३ नको. फेऱ्यांची बाहेरची त्रिज्या २९ आणि परतणाऱ्या नळीची आतली बाजू ३३ वजा ४, तीही २९. दोन गोल पृष्ठभाग एका बिंदूत टेकतील आणि पुन्हा तोच ओव्हरलॅपिंगचा एरर. प्रत्यक्षात मध्ये इन्सुलेशनची स्लीव्ह असते ना, तीही काढा, निदान २ मिमीची फट.

भोसरी_हीट

३६ घेतो. आता शाफ्ट टाकायचाय. त्याला केवढा बारीक मेश लागेल? थंड स्टीलची स्किन डेप्थ मी ०.२२ काढली, चुंबकीय पारगम्यता १०० धरून.

नेकार_काठ

थंड असताना तेवढीच, पण ७७० अंशांच्या आसपास क्युरी तापमान (जिथे स्टीलचं चुंबकत्व जातं ते) ओलांडलं की पारगम्यता १ वर येते, रेझिस्टिव्हिटी वाढलेली असते आणि स्किन डेप्थ ५ मिमीच्या वर जाते. एकाच मेशने दोन्ही झेपायला हवं. पृष्ठभागाला पहिला थर ०.१ चा, पुढचा प्रत्येक १.३ पट जाड, असं आत ७-८ मिमीपर्यंत. शाफ्ट सरळ सिलिंडर आहे, त्यामुळे हे ट्रान्सफाइनाइटने सहज होईल. तो फिरता आहे का स्थिर?

भोसरी_हीट

फिरता, मिनिटाला १२० फेरे.

नेकार_काठ

मग तुमचं काम निम्मं झालं. सेकंदाला दोन फेरे म्हणजे परिघावरचा फरक आपोआप सरासरीत जातो, लीडजवळची कमी-जास्त उष्णता शाफ्टला एका जागी लागत नाही. थ्रीडी फक्त कॉइलसाठी ठेवा, करंट आणि लीडचा परिणाम त्यातून काढा. तापमानाचं गणित एल्मरमध्येच टूडी अ‍ॅक्सिसिमेट्रिक करा, तिथे ०.१ चे थर टाकले तरी काही मिनिटांत उत्तर येतं.

भोसरी_हीट

हे फार बरं झालं. शनिवारी टूडी लावतो. ईएन-८ चा एक शाफ्ट कापून, पॉलिश आणि एचिंग करून केस डेप्थ (कडक झालेल्या थराची खोली) मोजून ठेवलीये, २.४ मिमी आहे, जुन्या कॉइलवरची. आधी जुनी कॉइल मॉडेलमध्ये टाकून तो आकडा येतो का बघतो, मगच नव्या कॉइलची नळी कापू देतो. स्क्रिप्ट साफ करून इथेच टाकतो, पिच, फेरे आणि नळीचा व्यास वरती बदलता येतील अशी.

वाळूजकर

टाक. माझा मुलगा कॉम्प्युटरवर बसतो, त्याला चालवायला लावतो. आमच्याकडे १० ची नळी असते, बेंड २० च्या खाली नको लिहूस त्यात.